नोइता खेळताना पडणारे प्रश्न: इंदूरच्या मराठी मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

रामबागेतल्या आमच्या घरी रविवारची जेवणं आटोपली की भाचरं आणि शेजारची मुलं लॅपटॉपभोवती गोळा होतात. गेली दोन वर्षं एकच खेळ चालतो, नोइता. अवघड आहे, पहिल्या आठवड्यात तर रडवतो. मुलं तेच तेच प्रश्न विचारतात, त्यांच्या आया वेगळे विचारतात, आणि मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगते. म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवला आहे.

हा खेळ आहे तरी काय?

नोइता हा फिनिश शब्द, अर्थ जादूगार किंवा चेटकीण. जांभळ्या झग्यातलं एक छोटं पात्र डोंगरातल्या गुहेत शिरतं आणि खाली खाली उतरत जातं. हातात जादूची कांडी, कांडीत मंत्र. वाटेत दुसऱ्या कांड्या आणि दुसरे मंत्र मिळतात, ते जोडून आपली कांडी आपणच घडवायची. आयुष्य एकच. मेलं की सगळं गेलं, पुढच्या खेपेला गुहाही नवी.

हेलसिंकीच्या नोल्ला गेम्सने तो केला. पेट्री पुर्हो, ओल्ली हार्योला आणि आर्वी तैकारी हे तिघं त्यामागे आहेत, आणि तिघांचंही आधीचं काम नावाजलेलं होतं: अनुक्रमे क्रेयॉन फिजिक्स डिलक्स, द स्वॉपर आणि बाबा इज यू. २४ सप्टेंबर २०१९ ला खेळ अर्धवट रूपात लोकांच्या हाती आला आणि १५ ऑक्टोबर २०२० ला पूर्ण झाला.

‘प्रत्येक पिक्सेल खरा आहे’ असं सगळे म्हणतात, म्हणजे काय?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

बहुतेक खेळांत भिंत म्हणजे एक चित्र असतं. त्यावर गोळी झाडली तर भोकाचं चित्र चिकटवतात, भिंत जशीच्या तशी राहते. नोइतात भिंत कणांची बनलेली आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कशाचा तरी आहे: मातीचा, लाकडाचा, तेलाचा, रक्ताचा, वाफेचा, सोन्याचा. आणि प्रत्येकाला आपापला स्वभाव आहे.

वाळूच्या कणाचा नियम ऐका. खाली जागा आहे का? असेल तर पड. नसेल तर खाली डावीकडे किंवा खाली उजवीकडे बघ, तिथे सरक. तिथेही नसेल तर थांब. झालं, एवढ्याने ढीग तयार होतो. पाण्याला एक वाक्य जास्त: खाली कुठेच जागा नसेल तर आडवा सरक. त्यामुळे पाणी सपाट पसरतं. वायूला हेच नियम उलटे, तो वर जातो. मग कोण कोणाशी भेटलं की काय होतं याचे नियम येतात. लाव्हा आणि पाणी भेटले की दगड आणि वाफ. आम्ल भेटेल ते खात जातं. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर तरंगतं, आणि पेटलं तर पाण्यावरून जळत जळत तुमच्याकडे येतं.

रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर जाते ना, तेव्हा टँकरमधून उडालेलं रंगाचं पाणी आधी गच्चीवर पडतं, मग पन्हळीतून खाली, मग खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर, आणि शेवटी रस्त्याच्या उतारावरून गटाराकडे. कुठल्या थेंबाने कुठे जायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. नोइतातलं पाणी तसं वाहतं. म्हणून तिथे घडणारा अपघातही कोणी लिहून ठेवलेला नसतो.

एक प्रसंग सांगते. पहिल्याच खाणीत माझ्या भाच्याने एका शत्रूवर नेम धरला, तो हुकला आणि छताला टांगलेला कंदील फुटला. जळता कंदील लाकडी तुळईवर पडला. तुळई मधोमध जळाली, तिचे दोन तुकडे झाले, त्यातला एक खाली असलेल्या स्फोटकांच्या पेटीवर आदळला. पेटी फुटली, शेजारच्या कुंडाची कड उडाली आणि कुंडातलं विषारी हिरवं पाणी धबधब्यासारखं आमच्यावर आलं. नेम हुकल्यापासून चार सेकंदांत हे सगळं. मुलं आधी गप्प, मग सगळी एकदम ओरडायला लागली.

मग कॉम्प्युटर एवढे कण सांभाळतो कसा?

इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने विचारलं म्हणून लिहिते. ज्यांना नको त्यांनी पुढे जावं.

कल्पना साधी आहे. जग ६४ बाय ६४ ठिपक्यांच्या चौकोनांत वाटलेलं असतं. ज्या चौकोनात काही हलत नाही तिकडे बघायचंच नाही, आणि जिथे हलतं तिथेही फक्त हललेल्या भागाभोवती एक पेटी आखून तेवढंच मोजायचं. प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी कामाला लावायचे तर एक अडचण येते: दोन गाभ्यांनी एकच कण उचलला तर घोळ. पंगतीत चार वाढपी एकाच ओळीत शिरले तर जे होतं तेच. म्हणून बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौकोन घेऊन चार फेऱ्यांत काम उरकतात, म्हणजे एका वेळी काम चाललेले दोन चौकोन कधी एकमेकांना चिकटलेले नसतात.

तुळईचे दोन तुकडे होऊन ते गडगडत खाली येतात, त्याची युक्ती वेगळी आहे. तुकड्याचे ठिपके बघून त्याची बाह्यरेषा काढायची, ती सोपी करायची, तिचे त्रिकोण पाडायचे आणि ते बॉक्स-टू-डी या तयार भौतिकीच्या यंत्रणेकडे सोपवायचे. ती सांगेल तसा तुकडा फिरवून ठिपके परत जगात ठेवायचे. तुकड्याला पुन्हा भोक पडलं की हे सगळं पुन्हा. पुर्होंनी २०१९ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये हे उलगडून सांगितलं होतं.

ताई, आमचा लॅपटॉप जुना आहे. चालेल?

विंडोजवर चालतो. चार जीबी रॅम लागते. महागडं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी भागतं, कारण खरा भार प्रोसेसरवर पडतो. मोठा स्फोट झाला की जुनं मशीन अडखळतं, त्याला इलाज नाही. इंदूरच्या मे महिन्यात दुपारी लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका, पाटावर ठेवा आणि पंख्याखाली बसा.

मराठीत किंवा हिंदीत आहे का?

नाही. पण वाचायचं फार कमी आहे. कांडीची माहिती दाखवणाऱ्या पाटीवरचे आठ शब्द कळले की झालं, ते खाली समजावले आहेत. शत्रूंची नावं तर फिनिशच ठेवलेली आहेत, हामिस, हिइसी, उक्को. सगळ्या देशांतल्या मुलांना ती सारखीच परकी.

रक्तपात किती आहे? नऊ वर्षांच्या मुलीला देऊ का?

रक्त आहे, तेही कण म्हणून, म्हणजे सांडतं आणि वाहतं. पात्रं बोटभर उंचीची आहेत, चेहरे स्पष्ट नसतात. माझं मत विचाराल तर नऊ वर्षांच्या मुलीला रक्तापेक्षा हरण्याचा त्रास जास्त होईल. एकटीला देऊ नका. शेजारी बसा, आणि ती मेली की कशाने मेली ते दोघी मिळून शोधा. बारा-तेराच्या पुढची मुलं स्वतः सांभाळतात असा आमच्या घरचा अनुभव आहे.

मावशी, मी पहिल्याच खाणीत दर वेळी मरतो. खेळ लबाडी करतो का?

नाही रे. हा खेळ लबाडी करत नाही, आणि मला तो आवडतो तो याचसाठी. प्रत्येक मरणाला कारण असतं आणि ते पडद्यावर दिसलेलं असतं, आपण बघितलेलं नसतं एवढंच.

आमच्याकडे त्यासाठी एक वही आहे. दुकानदार वापरतात तशी लाल कापडाची लांब वही. मेलं की कीबोर्ड पुढच्याला द्यायचा आणि वहीत एक ओळ लिहायची: तारीख, कितवा मजला, कशाने. ‘शत्रूने मारलं’ असं लिहिलेलं चालत नाही. ‘अंगाला तेल लागलेलं होतं, तरी ठिणगीचा मंत्र सोडला’ असं लिहावं लागतं. पहिल्या महिन्यातल्या नोंदी वाचल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त मरणं आपल्याच बॉम्बने, आपण लावलेल्या आगीने किंवा घाईने खाली उडी मारल्याने झाली होती. शत्रू फक्त निमित्त होते.

तर पहिल्या खाणीसाठी: पळू नकोस. काठावर उभं राहून खाली बघ. स्फोटकांची पेटी आणि कंदील दिसला की तो लांबूनच फोडून टाक, म्हणजे नंतर तो तुझ्याविरुद्ध वापरला जाणार नाही. उडण्याची ताकद संपते आणि जमिनीला पाय लागले की लगेच भरते, म्हणून उडताना टेकायची जागा आधी हेरून ठेव. बॉम्ब टाकलास की उलट्या बाजूला जा, बघत उभा राहू नकोस.

सुरुवातीला मिळणारी पाण्याची बाटली कशाला असते?

जीव वाचवायला. सुरुवातीच्या बाटलीत बहुधा पाणी असतं आणि नवशिके ते पहिल्याच मजल्यावर फेकून देतात. आपल्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, घरातला प्रत्येक हंडा भरलेला आहे ना हे बघूनच आपण झोपतो. नोइतातही तसंच वागा.

अंगाला आग लागली: बाटली हातात घ्या आणि पाणी स्वतःवर उडवा, विझते. विषारी हिरवं पाणी अंगाला लागलं: ते धुतलं जाईपर्यंत जीव कमी होत राहतो, तेव्हा पाणी उडवा. वाटेत त्याच विषाचं डबकं असेल तर त्यात पाणी सोडा, डबकंच हळूहळू साधं पाणी होतं. लाव्हा आडवा आला तर त्यावर पाणी ओतून दगडाचा पूल करा. ओल्या अंगाला आग धरत नाही, म्हणून आगीच्या खोलीत शिरण्याआधी भिजून घ्या.

एकच सावधगिरी. साचलेल्या पाण्यात उभे असताना विजेचा मंत्र सोडू नका, वीज पाण्यातून तुमच्याकडेच येते. बाटली रिकामी झाली तर डबक्यात बुडवा, भरते. कुठलाही द्रव असाच भरून नेता येतो. पण ओळख नसलेला द्रव आधी जमिनीवर थोडा सांडून बघायचा, पाय नंतर टाकायचा.

कांडीच्या पाटीवरचं काहीच कळत नाही. कुठून सुरू करू?

इथे वेळ द्या. नोइता हाताच्या चपळाईपेक्षा जास्त या पाटीवर जिंकला जातो.

पहिली ओळ, शफल. ‘हो’ असेल तर मंत्र पत्ते पिसल्यासारखे कुठल्याही क्रमाने निघतात. ‘नाही’ असेल तर डावीकडून उजवीकडे, तुम्ही मांडले त्याच क्रमाने. क्रम आपला असेल तरच कांडी घडवता येते, म्हणून शफल नसलेली कांडी दिसली की बाकी काही न बघता उचला.

मग एका वेळी किती मंत्र निघतात तो आकडा. त्यानंतर कास्ट डिले, म्हणजे एका फटक्यानंतर पुढच्या फटक्यापर्यंतची वाट. रिचार्ज टाइम म्हणजे सगळे मंत्र एकदा वापरून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंतची वाट. शेवटच्या फटक्यानंतर या दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे त्यातली मोठी असेल तेवढंच थांबावं लागतं. कपॅसिटी म्हणजे मंत्रांच्या जागा. स्प्रेड म्हणजे नेम किती फाकतो, हा आकडा कमी असलेला बरा.

राहिली मॅना, म्हणजे मंत्र सोडायला लागणारी जादूची शक्ती, आणि तिचा भरण्याचा वेग. याला टाकी आणि नळ समजा. मुलांना मी कागदावर गणित घालते: टाकी १०० ची, नळ सेकंदाला ३० भरतो. साधी ठिणगी, म्हणजे स्पार्क बोल्ट, ५ खाते. कांडी सेकंदाला पाचदा सुटत असेल तर खर्च २५. नळ ३० देतोय, म्हणजे बोट दाबून ठेवलं तरी टाकी रिकामी होत नाही. आता त्याच जागी १५ खाणारी जोडणी लावली तर खर्च ७५, तूट ४५, आणि दोन-सव्वादोन सेकंदांत कांडी थंड. ‘कांडी मध्येच बंद पडते’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच गणित करायला लावते, आणि दर वेळी उत्तर तिथेच सापडतं.

मंत्र कुठल्या क्रमाने लावायचे?

कांडी म्हणजे मराठी वाक्य नाही, की शब्द मागेपुढे झाले तरी अर्थ लागेल. इथे क्रम म्हणजेच अर्थ.

काही मंत्र स्वतः उडतात: ठिणगी, बॉम्ब, बाण. काही नुसते विशेषण असतात. ते स्वतः काही करत नाहीत, पुढचा मंत्र ओढून घेतात आणि त्याला वेग, आग किंवा मागे लागण्याचा गुण देतात. म्हणून विशेषण उडणाऱ्या मंत्राच्या आधी. काही मंत्र पुढचे दोन-तीन एकदम सोडतात, डबल स्पेल, ट्रिपल स्पेल. आणि एक बारकावा जो मला फार उशिरा कळला: एका फटक्यात जे जे एकत्र सुटतं, त्या सगळ्यांना त्या फटक्यातलं विशेषण लागू होतं. म्हणजे डबल स्पेलमध्ये विशेषण एकदाच घातलं तरी दोन्ही ठिणग्या सुधारतात. मॅना मात्र एकाच विशेषणाची जाते.

मॅना पुरत नसेल तर अॅड मॅना नावाचा मंत्र असतो. तो ३० मॅना देतो आणि बदल्यात प्रत्येक फटका थोडा उशिरा करतो.

चेनसॉ, म्हणजे यंत्रकरवतीचा मंत्र, मिळाला तर टाकू नका. लाकूड कापायला तो ठीकच आहे, पण त्याचं खरं काम वेगळं. तो कास्ट डिले शून्यावर आणतो आणि रिचार्जही ०.१७ सेकंदाने कमी करतो. तेव्हा डबल स्पेल, मग तुमचा आवडता मंत्र, मग शेवटी चेनसॉ. शेवटीच, कारण त्याच्यानंतर आलेला मंत्र आपली वाट पुन्हा वाढवतो. ज्या दिवशी मी ही जोडणी पहिल्यांदा लावली त्या दिवशी कांडीतून थेंबाथेंबाने येणारं पाणी एकदम नळासारखं सुटलं. चेनसॉ नसेल तर ल्युमिनस ड्रिलही हेच काम करतो, आणि वर खडक कापून वाट करून देतो.

ट्रिगर म्हणजे काय?

पाकिटात घातलेला मंत्र. ट्रिगरची ठिणगी उडते, जिथे आदळते तिथे फुटते, आणि तिच्या पुढे लिहिलेला मंत्र त्या जागी सुरू होतो. म्हणजे तुम्ही इकडे कोपऱ्याआड आणि बॉम्ब तिकडे शत्रूच्या पायाशी.

विशेषणाची जागा इथे नीट सांभाळा. ट्रिगरच्या आधी लावलं तर ते ट्रिगरच्या ठिणगीला लागतं, ट्रिगरनंतर लावलं तर आत भरलेल्या मंत्राला. आत भरलेल्या मंत्राचा कास्ट डिलेही मोजला जात नाही, म्हणून संथ आणि जड मंत्र ट्रिगरच्या पोटात घालणं फायद्याचं.

धोकाही मोठा. वहीत माझी स्वतःची नोंद आहे: ‘ट्रिगरमध्ये बॉम्ब. समोर अर्ध्या हातावर दगड होता, पाहिला नाही.’ ठिणगी दगडावर आदळली आणि बॉम्ब माझ्याच नाकासमोर सुरू झाला. अरुंद बोगद्यात ट्रिगरची कांडी हातात घेऊ नका, दुसरी साधी कांडी ठेवा. चार कांड्या बाळगता येतात त्या यासाठीच.

मंत्र कुठेही बदलता येत नाहीत का?

नाही. दोन मजल्यांच्या मध्ये पवित्र डोंगराचं एक शांत देऊळ येतं, तिथेच. मुख्य वाटेवर अशी सात देवळं आहेत. आत गेलात की जीव पूर्ण भरतो, मोजके वापर असलेले मंत्रही पुन्हा भरतात, मंत्र आणि कांड्या विकत मिळतात, आणि तीन पर्कांपैकी, म्हणजे त्या डावापुरत्या मिळणाऱ्या खास गुणांपैकी, एक निवडता येतो. तिन्ही आवडले नाहीत तर २०० सोन्यात नवे तीन मागता येतात, पण दर वेळी किंमत दुप्पट होते.

इथे घाई करू नका. निघाल्यावर मागे देऊळ ढासळतं, परत यायची सोपी वाट राहत नाही. आमच्याकडे देवळात पोचलं की खेळणारा उठून पाणी पिऊन येतो आणि मग सगळे मिळून कांडी ठरवतात. मला तर कधी कधी खाली उतरून लढण्यापेक्षा ही दहा मिनिटंच जास्त आवडतात.

मी देवळात काहीच केलं नाही, तरी देव कोपले. का?

देवळाची भिंत फुटली की देव कोपतात आणि स्टेवारी नावाचा राखणदार अंगावर येतो. भिंत तुम्हीच फोडली पाहिजे असं नाही. जमीन पोखरत येणारी अळी देवळात घुसली तरी भिंत फुटतेच. म्हणून अळी मागे लागलेली असताना देवळाकडे पळू नका, आधी तिचा निकाल लावा. आणि आत नवी कांडी करून बघायची हौस आवरा. त्यात आम्ल किंवा खोदणारा मंत्र असेल तर संपलं.

सोनं गोळा करत बसू की पुढे जाऊ?

शत्रू मेल्यावर पडलेले सोन्याचे खडे थोड्या वेळाने नाहीसे होतात, भिंतीतलं सोनं मात्र जागेवर राहतं. तेव्हा खडा सुरक्षित जागी पडला तर उचला, विषात पडला तर सोडा. वीस सोन्यासाठी जीव गेल्याच्या नोंदी वहीत अकरा आहेत.

कुठला पर्क घ्यावा?

आग, स्फोट, वीज किंवा विष यांपैकी कशापासूनही पूर्ण संरक्षण मिळत असेल तर नवशिक्याने डोळे मिटून घ्यावं. मरणाचं एक कारण कायमचं वहीतून जातं. कुठेही कांडी बदलू देणारा पर्क त्याहून मोलाचा, पण ज्याला कांडी वाचता येते त्यालाच. ग्लास कॅनन मुलांना फार भुलवतो, हल्ला प्रचंड वाढतो आणि जीव काचेचा होतो. मी पहिल्या वर्षी कोणाला तो घेऊ देत नाही.

मला अचानक मेंढी केलं आणि मी मेलो!

हो, याचं दुःख मला कळतं. रूप बदलणारा द्रव किंवा मंत्र लागला की थोड्या वेळासाठी तुमचा लहानसा प्राणी होतो. ना कांडी, ना जीव, आणि त्या रूपात कोणी मारलं की डाव खरोखरच संपतो. मेंढी झालात तर लढायचा विचार सोडा, शत्रूपासून लांब पळा आणि वेळ काढा. खालच्या मजल्यांवर हा मंत्र टाकणारा जादूगार दिसला तर बाकी सगळं सोडून आधी त्याला गाठा.

दोघं मिळून खेळता येतं का?

मूळ खेळ एकट्याचाच. आमच्याकडे वहीच्या नियमाने पाळीपाळीने चालतो, आणि जो खेळत नाही तो राखणीला बसतो: डावा कोपरा एकाचा, उजवा दुसऱ्याचा. ‘वरून तेल गळतंय’ हे खेळणाऱ्याच्या आधी बघणाऱ्याला दिसतं.

मध्येच थांबायचं असेल तर?

सेव्ह करून बाहेर पडा, नंतर तिथूनच सुरू होतं. पण मेलात की ती नोंदही जाते. जेवायला हाक आली तर शत्रूंच्या मध्ये थांबू नका. परत याल तेव्हा परिस्थिती तीच असेल आणि तुम्ही मात्र ती विसरलेले असाल.

मॉड वापरणं म्हणजे फसवणूक का?

मुळीच नाही. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच खेळात केलेले बदल, आणि स्टीमवर, म्हणजे खेळांच्या ऑनलाइन दुकानात, ते ठेवायची सोयच आहे. शिकण्यासाठी तर ते उत्तम: कुठेही कांडी बदलू देणारा मॉड लावून एक दुपार नुसते मंत्र जोडून बघायचे, जिंकायचं नाही असं आधीच ठरवून. माझ्या मोठ्या भाच्याला ट्रिगर तसाच समजला. फक्त वहीत मॉडचा डाव लिहिताना ‘मॉड’ असं लिहायचं.

शेवट कुठे आहे?

सात देवळांच्या खाली प्रयोगशाळा, तिथे सांपो. फिनलंडच्या लोककथांत सांपो म्हणजे समृद्धी देणारं जादूचं जातं. तो उचलला की कोल्मिसिल्मा, म्हणजे तीन डोळ्यांचा राक्षस, जागा होतो. मला तिथवर पोचायला सात महिने लागले आणि पहिल्या तीन खेपांना त्याने मला उभं राहू दिलं नाही. चौथ्या खेपेला कांडीत डबल स्पेल, एक विशेषण, दोन ठिणग्या आणि शेवटी चेनसॉ होता, एवढंच. महागडं काही नव्हतं, पण मॅना पुरत होती.

पण तो शेवट हा एकच रस्ता आहे. डोंगराच्या वर, डावीकडे, उजवीकडेही जग आहे, आणि खूप लांब गेलं तर त्याच जगाची दुसरी प्रतही आहे. दोन गुप्त द्रव असे आहेत की ते बनवायची कृती प्रत्येक नव्या जगात बदलते. ही सगळी मोठ्या मुलांची मजा आहे. पहिल्या वर्षी खाली जा.

यूट्यूबवर बघून कांडी बनवली तर चालेल?

चालेल, पण आधी दहा डाव आपलेआपण मरा. दुसऱ्याने सांगितलेली कांडी हातात येते, ती का चालते हे मात्र कळत नाही. मग एक मंत्र मिळाला नाही की हात थांबतात. बघायचंच असेल तर व्हिडिओ मध्येच थांबवा, पाटीवरचे आकडे कागदावर उतरवा, पुढे काय होईल ते स्वतः लिहा, आणि मग पुढे बघा. रस्ता न बघता सराफ्यात शिरलेल्या पाहुण्याला भुट्ट्याचा कीस मिळतो, पण पुढच्या खेपेला ते दुकान सापडत नाही.

मावशी, आम्ही पण रविवारी येऊ का?

या की. तीन वाजता, जेवून या. येताना स्वतःचा माउस आणा, आमच्याकडच्या एकाचं डावं बटण दोनदा दाबलं जातं आणि त्याच्यामुळे झालेल्या मरणाच्या दोन नोंदी वहीत आधीच आहेत. वहीचं पान मी आखून ठेवते.